महाराष्ट्र दिनाच्या क्विझसाठी तेच तेच सोडून काही वेगळे प्रश्न सुचवा ना

वाचनवेडी_ठाणे
नमस्कार मंडळी, आमच्या सोसायटीत १ मे ला संध्याकाळी क्विझ ठेवलीये, पोरं पाचवी ते नववीतली आणि प्रत्येक टीममध्ये एक आई किंवा बाबा पण असणार. प्रश्न काढायचं काम माझ्याकडे आलंय. मागच्या वर्षीचा कागद बघितला तर राजधानी कोणती, उपराजधानी कोणती, पहिले मुख्यमंत्री कोण, राज्यप्राणी कोणता, संपलं. पोरांना हे सगळं तोंडपाठ आहे, शेकरू म्हणून बजर दाबून मोकळी होतात आणि तो राहतो कुठे, खातो काय विचारलं की गप्प. मला असे प्रश्न हवेत की पाठ नसलं तरी नकाशा डोळ्यासमोर आणून, टीममध्ये कुजबुज करून उत्तर काढता येईल, आणि उत्तर कळल्यावर वाटलं पाहिजे की अरे हे एकदा जाऊन बघायला हवं. भूगोल, इतिहास, राज्याची प्रतीकं काहीही चालेल, फक्त उत्तर पक्कं असू द्या, आमच्याकडे भूगोलाचे एक रिटायर्ड सर पहिल्याच रांगेत बसतात.

सह्यभटक्या
ताई, शेकरू काढून टाकू नका, प्रश्न बदला. नाव विचारायचंच नाही, एकेक क्लू द्यायचा: मी जमिनीवर क्वचितच उतरतो, घरटं एक नाही बरीच बांधून ठेवतो, माझी शेपूट अंगापेक्षा लांब आहे, आणि झाडांचे शेंडे एकमेकांना भिडलेले नसतील तर माझा रस्ताच बंद होतो. भीमाशंकरला सकाळी देवळाकडची गर्दी सोडून जंगलाच्या वाटेला लागलात आणि मान वर ठेवलीत तर तो दिसतो, आधी सालं आणि बिया टपटप खाली पडतात मग तपकिरी-तांबूस शेपूट लटकताना दिसते. राज्यपक्षी हरियाल पण असाच शेंड्यावरचा, वड पिंपळ उंबराच्या फळांवर जगणारा, पाय पिवळेधमक, आणि पानांत असा काही मिसळतो की थवाच्या थवा समोर असून दिसत नाही. तर प्रश्न असा करा की आपल्या राज्यप्राण्यात आणि राज्यपक्ष्यात साम्य काय. उत्तर दोघंही उंच झाडांवर राहणारे आणि तिथली फळं खाणारे. मोठी जुनी झाडं गेली की दोघंही गेले, हे पोरांना वेगळं सांगावं लागणार नाही.

भूगोलात गोदावरी घ्या. ब्रह्मगिरीवर उगम पावते, तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटर, तरी ही बाई १४६५ किमी चालून बंगालच्या उपसागराला मिळते. का? सह्याद्रीची धार पश्चिमेला आणि पठाराचा उतार पूर्वेला, म्हणून. मग लगेच पुढचा, नर्मदा महाराष्ट्राच्या कोणत्या जिल्ह्याला लागून वाहते? नंदुरबार, आणि तेही फक्त ५४ किमी. इथे बऱ्याच टीम जळगाव म्हणतील बघा, कारण तापी डोक्यात असते.

किल्ल्यांचा एक देतो. २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, त्यातले ११ महाराष्ट्रात आहेत, बारावा कुठे आणि तो मराठ्यांचा कसा? जिंजी, तमिळनाडूत. महाराजांनी १६७७ मध्ये घेतला आणि १६८९ मध्ये रायगड पडल्यावर राजाराम महाराज तिथून राज्य चालवत होते, मोगलांना तो घ्यायला १६९८ उजाडलं. हा प्रश्न ठेवाच, यावर आईबाबा पण विचारात पडतात.

वऱ्हाडचा_पाटील
सह्याद्री सह्याद्री करता करता आमचा पूर्वेकडचा अर्धा महाराष्ट्र राहूनच जातो भाऊ नेहमी. ताई, सीमेचा प्रश्न घ्या, कोरा नकाशा हातात द्या. महाराष्ट्राला सहा राज्यं लागून आहेत, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, कर्नाटक, गोवा, शिवाय दादरा नगर हवेलीचा केंद्रशासित भाग. आता विचारा की दोन-दोन राज्यांना टेकलेले जिल्हे कोणते. धुळे आणि नंदुरबार (गुजरात, मध्य प्रदेश), गोंदिया (मध्य प्रदेश, छत्तीसगड), गडचिरोली (छत्तीसगड, तेलंगणा), नांदेड (तेलंगणा, कर्नाटक), सिंधुदुर्ग (कर्नाटक, गोवा). पाठ करून कोणालाच येत नाही पण नकाशावर बोट फिरवत गेलं की पाच मिनिटात निघतं.

दुसरा, महाराष्ट्रातलं असं कोणतं शहर जे आधी दुसऱ्याच राज्याची राजधानी होतं? नागपूर! १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी नागपूरच होती, भोपाळ नंतर आलं. हे ठाण्या-मुंबईच्या पोरांना सांगितलं तर विश्वास बसत नाही. म्हणूनच राजधानीपण सोडून इकडे यायचं तर काहीतरी बोली हवी ना, ती १९५३ च्या नागपूर करारात झाली आणि दर वर्षी एक अधिवेशन नागपुरात भरतं त्याचं मूळ तिथे आहे. नुसतं उपराजधानी म्हणून मार्क देऊ नका, का ते विचारा.

गोदाकाठची
पाटील दादांच्या प्रश्नाला जोडून माझा एक, आणि माझ्या मते हा अख्खी फेरी खाईल इतका मोठा आहे. प्रत्येक टीमला विचारा, १५ ऑगस्ट १९४७ ला तुमचं मूळ गाव कोणाच्या राज्यात होतं? सोसायटीत सगळीकडची माणसं असतात. पुणे नाशिकवाले म्हणतील मुंबई प्रांत, बरोबर. नागपूर अमरावतीवाले मध्य प्रांत आणि वऱ्हाड. कोल्हापूर, सांगली, औंध, सावंतवाडी, मुरुडचा जंजिरा ही सगळी संस्थानं, कोल्हापूर तर १९४९ मध्ये विलीन झालं. आणि आमचा मराठवाडा निजामाकडे, आम्हाला झेंडा लावायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडावा लागला, तेरा महिने उशिरा. माझे आजोबा परभणीकडचे, ते १५ ऑगस्टला शाळेत झेंडावंदनाला जायचे आणि घरी सण मात्र १७ सप्टेंबरला करायचे, गोडाचं त्या दिवशी. मुंबईकडे मुक्तिसंग्राम दिन म्हटलं की लोकांना कुठल्यातरी दुसऱ्या देशाची गोष्ट वाटते याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून हा प्रश्न घ्याच अशी आग्रहाची विनंती. पोरांना उत्तर येणार नाही, आईबाबा फोन काढून गावाला आजीला विचारतील, विचारू द्या, त्यासाठी सूट ठेवा.

शिवाय लोणार विसरू नका. उल्का आदळून बेसाल्टच्या खडकात झालेलं विवर, व्यास १.८ किमीच्या आसपास, पाणी खारट आणि अल्कधर्मी. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं होतं, कशामुळे? मिठाळ पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. फोटो दाखवून विचारा.

खाडीकिनारी
ताई ठाण्यात राहता आणि खाडी कशी सुटली! महाराष्ट्र हे कांदळवनातल्या, म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांमधून राज्यवृक्ष जाहीर करणारं पहिलं राज्य आहे, २०२० मध्ये पांढरी चिप्पी, आणि ती तुमच्या ठाणे खाडीत आहे, त्या खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) पण मिळालाय. ओहोटीला बघा, चिखलातून मुळं उलटी वर आलेली दिसतात, टोकदार, श्वास घ्यायला. फुलं पांढऱ्या तंतूंची आणि रात्री उमलणारी. फुलपाखराच्या बाबतीत पण आपणच पहिले, २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉन, मराठीत नीलवंत, काळ्या पंखांवर निळा पट्टा. लिंबाच्या वर्गातल्या झाडांवर अंडी घालतं, म्हणजे कुंडीतल्या लिंबाची पानं कोणी कुरतडली म्हणून औषध मारण्याआधी नीट बघा.

राज्यमासा २०२३ मध्ये पापलेट झाला. प्रश्न असा विचारा की सगळ्यांच्या ताटातला मासा राज्यमासा का केला. कारण वाढ व्हायच्या आतच लहान पापलेट जाळ्यात येतो आणि बाजारात विकला जातो, अंडी घालायला मागे काही उरतच नाही. तळहाताएवढा सुद्धा नसलेला पापलेट घेऊ नका एवढं एक जरी पोरांनी घरी सांगितलं तरी क्विझ वसूल.

एक सावधगिरी, किनारपट्टी किती किलोमीटर हा प्रश्न घेऊ नका. पुस्तकात ७२० आहे, केंद्राच्या नव्या मोजणीत ८७७.९७ आलीये, कारण आता खाड्यांची वळणं बारकाईने धरलीत. सर आणि तुम्ही तिथेच भांडत बसाल. उलट हे कसं झालं, किनारा वाढला की मोजपट्टी बदलली, असं विचारलंत तर सरच खूश होऊन समजावतील.

मोडीवाचक
छोटासा देतो. राज्य शासनाच्या बोधचिन्हाभोवतीचा श्लोक कोणाला येतो? "प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता महाराष्ट्रस्य राज्यस्य मुद्रा भद्राय राजते". शिवरायांच्या राजमुद्रेवरचाच, फक्त शाहसूनोः शिवस्यैषा च्या जागी महाराष्ट्रस्य राज्यस्य आलं. दोन्ही चित्रं शेजारी दाखवा आणि फरक शोधायला सांगा, दाखल्यावर रेशनकार्डावर रोज बघतो आपण पण वाचत कोणी नाही.

वाचनवेडी_ठाणे
काय भारी दिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. गोदाकाठची ताई, तुमचा प्रश्न शेवटच्या फेरीत घेतेय आणि गावी फोन करायला मुद्दाम दहा मिनिटं देतेय. ताम्हणचं काय करू, राज्यपुष्प म्हणून फोटो दाखवायचा म्हटलं तर सगळे ओळखतात.

सह्यभटक्या
फोटो कशाला, मे महिना ताम्हणचाच. तलावपाळीकडे किंवा रस्त्याच्या कडेला चौकशी करा, झाड बहरलेलं असेल, फांदी मोडू नका, खाली पडलेली जांभळी फुलं गोळा करून प्रत्येक टेबलावर एक ठेवा. पाकळी चुरगळलेल्या क्रेप कागदासारखी असते, हात लावून ओळखा म्हणायचं, डोळे बांधून.

वऱ्हाडचा_पाटील
आणि टायब्रेकर माझ्याकडून घ्या. १९६० ला २६ जिल्हे होते, आता ३६ आहेत. यातले कोणते जिल्हे महाराष्ट्रासारखेच १ मे ला जन्मले? सिंधुदुर्ग आणि जालना १९८१ मध्ये, हिंगोली आणि गोंदिया १९९९ मध्ये. कोणाकडे चारही आले तर सरळ पहिलं बक्षीस देऊन टाका. अन् प्रश्न छापताना जिल्ह्यांची नवीन नावं टाकजा बरं, छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर, नाहीतर सर उठतील.