मदत हवी आहे: खडकाळ ग्रहावरचा मिथेन जीवांचा की दगडांचा, हे ठरवायचं कसं?

नमस्कार मंडळी, आठवडाभर एकाच जागी अडकलोय, भूरसायन किंवा ग्रहविज्ञानातलं कुणी असेल तर प्लीज सांगा.

पृथ्वीच्या हवेतला बहुतेक मिथेन शेवटी जीवांकडूनच येतो, दलदल, गुरं, वाळवी वगैरे, इथपर्यंत ठीक. पण सर्पेंटिनायझेशनबद्दल वाचलं आणि सगळा हिशोबच विस्कटला. त्यात ऑलिव्हिनवाल्या (हे लोह-मॅग्नेशियमचं एक खनिज) खडकात पाणी मुरलं की त्यातल्या लोहाचं ऑक्सिडेशन होतं, हायड्रोजन सुटतो आणि तो पुढे कार्बन डायऑक्साइडशी मिळून मिथेन होऊ शकतो, म्हणजे जीव लागतच नाही! अटलांटिकच्या तळाशी २००० साली सापडलेल्या लॉस्ट सिटी नावाच्या गरम झऱ्यांतून असं खडकात मुरलेलं पाणी बाहेर पडतं, त्यात हायड्रोजन आणि मिथेन दोन्ही आहेत. शिवाय ज्वालामुखी, धूमकेतूंची धडक, बर्फात अडकून राहिलेला जुना मिथेन, हे वेगळंच.

मंगळाचं तर अजिबात कळत नाही. क्युरिऑसिटी रोव्हरला तिथल्या गेल विवरात सरासरी ०.४ पीपीबी (म्हणजे अब्जात ०.४ भाग) मिथेन मिळाला, तोही ऋतूप्रमाणे कमीजास्त होणारा, जून २०१९ मध्ये एकदम २१ पीपीबी, आणि वरून फिरणाऱ्या ट्रेस गॅस ऑर्बिटरला काहीच नाही, तेसुद्धा ०.०५ पीपीबीपर्यंत शोधून. सूर्यप्रकाशाने मिथेन मोडायला तिथे साधारण ३०० वर्षं लागतात म्हणे, मग जमिनीजवळ निघालेला वायू एवढ्यात जातो कुठे? मातीतच काहीतरी तो खातंय का?

आता मुख्य प्रश्न. दूरच्या ग्रहांसाठी असं म्हणतात की मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड भरपूर पण कार्बन मोनॉक्साइड नगण्य असेल तर जीवांची शक्यता वाढते, कारण ज्वालामुखीतून भरपूर मिथेन आला तर सोबत मोनॉक्साइडही यायला हवा. ज्वालामुखीपुरतं पटतं. पण सर्पेंटिनायझेशनला मोनॉक्साइडची गरजच नाही ना? तिथे उत्तर असं मिळतं की खडकांमधून एवढा मिथेन निघणारच नाही. हे "एवढा" कशावरून ठरवतात? ज्या ग्रहावर ऑलिव्हिन किती उघडा आहे, पाणी किती खोल मुरतं हेच माहीत नाही, तिथे वरची मर्यादा कुणी कशी काढणार?

कार्बनच्या समस्थानिकांचं (हलका आणि जड कार्बन किती, यावरून मिथेनचा उगम ओळखायचा) नका सांगू, प्रकाशवर्षं लांबून ते मोजणं सध्या तरी हाताबाहेर आहे. मर्यादेचं गणित कुणी साध्या भाषेत मांडलं तर फार उपकार होतील, आकडे अंदाजे असले तरी चालतील.