मदत हवी आहे: पुनर्विकासाच्या तुलनेत एएचपीचा सीआर ०.६४ येतोय, आकडे बदलावेत का?

नमस्कार. मुलुंड पूर्वेला आमची जुनी सोसायटी आहे, तळमजला अधिक तीन, १६ बिऱ्हाडं. पुनर्विकासासाठी तीन विकासकांच्या ऑफर आल्यात आणि मी कमिटीत आहे. एक जण कार्पेट (घराचं आतलं वापरायचं क्षेत्रफळ) भरघोस देतोय, दुसरा बांधकाम होईपर्यंत बाहेर राहण्याचं भाडं चांगलं देतोय, तिसऱ्याच्या दोन इमारती आम्ही स्वतः पाहून आलो, तिथे लोकांना ताबा वेळेत मिळालाय. विकासक शेवटी विशेष सर्वसाधारण सभाच निवडेल, निबंधकांनी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोर, ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे. पण सभेपुढे तुलनेचा तक्ता ठेवायचा तर कुठल्या निकषाला किती वजन द्यायचं? आमच्या बैठकांत ज्याचा आवाज मोठा त्याचाच निकष मोठा ठरतो. ते मला नको होतं.

म्हणून अ‍ॅनॅलिटिक हायरार्की प्रोसेस, म्हणजे एएचपी वापरायचं ठरवलं. थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात मांडलेली ही पद्धत. एका वेळी दोनच निकष समोर ठेवायचे आणि कुठला किती पट महत्त्वाचा ते १ ते ९ मध्ये सांगायचं. १ म्हणजे दोन्ही सारखे, ९ म्हणजे टोकाचा फरक. आम्ही चार निकष घेतले: बिल्डरची आधीची कामं, जादा कार्पेट, भाडं आणि ताब्याची मुदत. चार निकषांच्या जोड्या सहा. कमिटीच्या सातही जणांनी फॉर्म भरले.

पाच फॉर्म ठीक आहेत. दोन बिघडलेत.

पहिला तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा. त्यांची उत्तरं अशी: कामं ही कार्पेटपेक्षा २, कामं मुदतीपेक्षा ३, कार्पेट भाड्यापेक्षा ३, कार्पेट मुदतीपेक्षा २, मुदत भाड्यापेक्षा २, आणि भाडं कामांपेक्षा ५. एक्सेलमध्ये लॅम्डा मॅक्स, म्हणजे तक्त्यातून निघणारा एक आकडा जो उत्तरं पूर्ण जुळली तर ४ येतो, तो ५.७३ आला. त्यातून ४ वजा करून ३ ने भागलं, मग ०.९० या रँडम इंडेक्सने भागलं, सीआर (कन्सिस्टन्सी रेशो, म्हणजे उत्तरं एकमेकांशी किती विसंगत आहेत त्याचं माप) ०.६४. हवा होता ०.१० च्या आत.

दुसरा तळमजल्यावरच्या आजींचा, तोही खूप वर आहे. त्यांच्या मते भाडं कार्पेटच्या ४ पट, कार्पेट हे बिल्डरच्या कामांच्या २ पट, आणि बिल्डरची कामं भाड्याच्या ३ पट महत्त्वाची.

गंमत अशी की सातही फॉर्मांची भूमितीय सरासरी घेतली की सीआर ०.०३ येतो. आम्हाला सल्ला देणारे एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, सरासरी चांगली आहे ना, मग तीच दाखवा. नाहीतर त्या दोघांचे एकदोन आकडे हलवा, बसेल सगळं." मला ते पटत नाहीये. आकडे मी हलवले तर ते मत काकांचं आणि आजींचं कसं राहील? ज्यांचं घर पाडलं जाणार आहे त्यांचं हे मत आहे. पण मग करायचं काय? दोघांना पुन्हा विचारायचं तर काय विचारायचं? आणि ०.१० ही मर्यादा किती काटेकोर धरायची?

प्रतिसाद १

ताई, आकडे हलवू नका, तुमची शंका रास्त आहे. आधी चूक कुठे आहे ते शोधा. सीआर हा एकच आकडा असतो, तो फक्त गडबड आहे एवढं सांगतो, जागा दाखवत नाही. जागा सापडते तीन-तीन निकषांच्या साखळीत. कामं कार्पेटच्या २ पट आणि कार्पेट भाड्याच्या ३ पट, तर कामं भाड्याच्या साधारण ६ पट हवीत. आता मुदतीकडून या: ३ गुणिले २, पुन्हा ६. आणि काकांचं थेट उत्तर काय? एक-पंचमांश. म्हणजे ३० पटींचा फरक, तोही दोन्ही वाटांनी. उरलेल्या दोन साखळ्या पाहा, तिथे ४ च्या जागी ३ आलाय, एवढं चालतं. चारपैकी दोन साखळ्या तुटतात आणि दोन्हींत समान जोडी एकच, कामं आणि भाडं.

तुमच्या फॉर्मवर मध्ये १ आणि दोन्ही बाजूंना ९ पर्यंत आकडे, अशी पट्टी आहे का? असेल तर काकांनी ५ चुकीच्या बाजूला टिक केला असण्याची दाट शक्यता आहे. मी तो एकच आकडा उलटा करून पाहिला: लॅम्डा मॅक्स ४.०१ आणि सीआर साधारण ०.००५. तरी तुम्ही स्वतः उलटा करू नका. काकांकडे जा आणि "भाडं जास्त महत्त्वाचं की बिल्डरची आधीची कामं?" एवढंच विचारा. त्यांचं जुनं उत्तर किंवा सीआर आधी सांगू नका, नाहीतर ते तुम्हाला बरं वाटेल ते बोलतील.

प्रतिसाद २

०.१० बद्दल थोडं. रँडम इंडेक्स म्हणजे असंख्य तक्ते वाट्टेल तसे आकडे टाकून भरले तर विसंगतीचा जो सरासरी निर्देशांक येतो तो. ३ निकषांना ०.५८, ४ ला ०.९०, ५ ला १.१२. सीआर ०.१० म्हणजे डोळे मिटून भरलेल्या तक्त्याच्या एक-दशांश विसंगती. लहान तक्त्यांना नंतर आणखी कडक मर्यादा सुचवली गेली, ३ निकषांना ०.०५ आणि ४ ला ०.०८. थोडी विसंगती राहणारच. समजा कुणी कामं कार्पेटच्या ३ पट आणि कार्पेट भाड्याच्या ५ पट म्हटलं, तर गुणाकार १५ होतो आणि पट्टी ९ लाच संपते. त्या माणसाचा काय दोष?

उलट, सगळीकडे १ लिहिला तर सीआर शून्य! तुमच्या सल्लागारांना हे जरूर सांगा. कमी सीआर म्हणजे उत्तरं एकमेकांशी जुळतात, ती विचार करून दिलीत असं नव्हे. आणि सरासरीत एकाचा वर गेलेला आकडा दुसऱ्याच्या खाली गेलेल्या आकड्यात बुजतो, म्हणून गटाचा सीआर बहुतेक वेळा गोंडस दिसतो. आधी प्रत्येकाचा तपासायचा, मग सरासरी.

आजींची गोष्ट मात्र वेगळी वाटते. त्यांच्या तीनच निकषांचा हिशेब केला तर सीआर १.०६ येतो, म्हणजे डोळे मिटून भरल्यापेक्षाही वर. पण तिथे एक आकडा उलटा करून प्रश्न मिटवण्याआधी त्यांच्याशी बसून बोला. मला वाटतं "भाडं" या शब्दात त्यांच्या मनात दोन गोष्टी आहेत.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी दोन्ही घरी जाऊन आले.

काकांना कोरा फॉर्म दिला आणि तो एकच प्रश्न विचारला. ते लगेच म्हणाले, "बिल्डरची कामं, अर्थात. पाचपट." जुन्या फॉर्मवर त्यांनी उजवीकडचा ५ टिक केला होता आणि आमच्या फॉर्मवर उजवीकडे भाडं होतं. या एका टिकमुळे त्यांच्या यादीत भाडं ०.३० वजनाने पहिलं आलं होतं, आता ते ०.०९ वर शेवटी गेलंय आणि कामं ०.४८ ने पहिली आलीत. दोन आकडे मीच हलवून मोकळी झाले असते तर काकांचं खरं मत कुणालाच कळलं नसतं.

आजींकडे तासभर बसले. त्या म्हणाल्या, "कार्पेट वाढून मी काय करू, दोन-तीन वर्षं बाहेर राहायचंय, भाडं आधी." मग बिल्डर आणि भाड्याचा प्रश्न विचारला, तर, "बिल्डर चांगला असेल तर भाडं येतंच गं. नसला तर सहा महिन्यांनी बंद होतं, माझ्या बहिणीचं झालंय तसं." एकीकडे त्या महिन्याची रक्कम मोजत होत्या, दुसरीकडे ती शेवटपर्यंत मिळेल का याची काळजी. त्यांचं उत्तर चुकलं नव्हतं, माझा निकष नीट नव्हता. आम्ही सात जणांनी एकच शब्द वाचला आणि प्रत्येकाने आपापला अर्थ लावला, हे त्यांच्या फॉर्ममुळेच कळलं.

आता "भाडं" काढून दोन निकष केलेत: भाड्याची रक्कम, आणि ती ताबा मिळेपर्यंत मिळत राहण्याची हमी, म्हणजे बँक गॅरंटी किंवा पुढच्या तारखांचे चेक. निकष ५ झाले, जोड्या १०. सगळ्यांना पुन्हा भरावं लागणार, दोघांनी कुरकुर केलीच. फॉर्मवरची पट्टी काढून टाकली. आता आधी "दोन्हींपैकी कुठला?" यावर गोल करायचा आणि मग "किती पट?" हे लिहायचं.

एकच विचारायचंय. बिल्डरची आधीची कामं आणि भाड्याची हमी हे निकष पुन्हा एकमेकांत मिसळतील का? रविवारी सकाळी फॉर्म वाटायचे आहेत, आजींचा मोठ्या अक्षरात छापून ठेवलाय.

प्रतिसाद ३

थोडे मिसळतील. हमीच्या निकषात फक्त करारात लिहून मिळणारी गोष्ट मोजायची, आणि कामांच्या निकषात आजवर पूर्ण झालेल्या इमारती, असं फॉर्मवरच एकेका ओळीत लिहा. महारेरा या राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या संकेतस्थळावर तिन्ही विकासकांच्या नोंदणीकृत प्रकल्पांच्या मुदती पाहता येतात, त्या रविवारच्या आधी छापून सगळ्यांच्या हातात द्या.