खासदाराचे काम नेमके कोणते मानायचे?

पार्लेकर

आमची इमारत विलेपार्ले पूर्वेला, विमानतळाच्या फनेल झोनमध्ये, म्हणजे विमाने ये-जा करतात त्या मार्गाखालच्या पट्ट्यात आहे. इमारतीने पन्नाशी ओलांडली आहे, जिन्याच्या तुळयांतील सळ्या उघड्या पडल्या आहेत आणि उंचीवर मर्यादा असल्यामुळे पुनर्विकासासाठी कोणी विकासक पुढे येत नाही. सोसायटीच्या सभेत खासदारांची भेट घेण्याची सूचना आली, तेव्हा एका सभासदांनी नालेसफाईसाठी खासदारांच्या कार्यालयात घातलेल्या खेपांचा दाखला देऊन, खासदाराचा आपल्याला उपयोगच काय, असा प्रश्न केला. त्याचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही. खासदाराकडून कोणत्या कामाची अपेक्षा धरावी आणि ते त्याने केले की नाही हे कशावरून ठरवावे, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

निवृत्त प्राध्यापक, दादर

नालेसफाई हे महापालिकेचे काम आहे आणि ते नगरसेवकाकडेच न्यायला हवे. २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर बराच काळ प्रशासकाची राजवट होती, त्या काळात लोक मिळेल त्या लोकप्रतिनिधीचे दार ठोठावू लागले, हे मी समजू शकतो. खासदार निधीतून कामे होतात हे खरे, परंतु १९९३ पासून चालत आलेल्या त्या योजनेत खासदार केवळ शिफारस करतो, मंजुरी जिल्हा प्रशासन देते आणि वर्षाचे ५ कोटी रुपये मुंबईतील एका खासदाराच्या वाट्याच्या ६ विधानसभा मतदारसंघांत वाटायचे म्हटले तर फारसे काही हाती लागत नाही. त्या निधीतील बाकडी आणि त्यांवरील नावे मोजून खासदाराची पारख करणे मला सर्वथा चुकीचे वाटते.

त्याचे खरे काम कायदे तपासण्याचे, सरकारच्या खर्चाला संमती देण्याचे किंवा नाकारण्याचे आणि मंत्र्यांना जाब विचारण्याचे आहे. आपला प्रश्न तर थेट या तिसऱ्या कामात बसतो, कारण विमानतळाभोवतालच्या उंचीचे नियम केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालय करते. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी लेखी द्यावी लागते आणि कोणाचे प्रश्न घ्यायचे हे सोडतीने ठरते. एका दिवसाच्या यादीत तारांकित प्रश्न २० आणि अतारांकित २३० असतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. तारांकित प्रश्न सभागृहात पुकारला गेला, तर मात्र मंत्र्याला उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते, त्यावर उपप्रश्न विचारता येतात, आणि टाळाटाळ झाली तर ती साऱ्या देशासमोर होते.

गोरेगावकर

सरांचे विवेचन मान्य आहे, तरी एक बाजू राहून गेली असे वाटते. आमच्या मृणालताई गोरे १९६१ मध्ये महापालिकेवर निवडून आल्या, पुढे आमदार झाल्या आणि १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून लोकसभेत गेल्या, परंतु लोकांनी त्यांना ओळखले ते पाण्यासाठी झगडणारी पाणीवाली बाई म्हणून. हंडा घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईचे म्हणणे ज्याने कधी ऐकले नाही, तो सभागृहात विचारणार तरी काय? म्हणून लोकांना भेटणे हेही खासदाराचे कामच आहे, आणि त्याला दुय्यम लेखू नये असे मी आग्रहाने सांगेन.

संसदीय कामकाजाचा अभ्यासक

वरील दोन्ही मते एकमेकांना पूरक आहेत. मात्र १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर पक्षादेश मोडून मतदान करणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते, त्यामुळे विधेयकावर खासदाराने कसे मत दिले यावरून त्याचा स्वतःचा विचार क्वचितच कळतो, हे येथे नोंदवणे आवश्यक आहे. तो विचार दिसतो स्थायी समित्यांत. मंत्रालयांशी संलग्न अशा २४ समित्या असून प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. मंत्री त्यांचे सदस्य होऊ शकत नाहीत, पक्षादेशही तेथे चालत नाही, आणि सचिव दर्जाच्या अधिकाऱ्यांना बोलावून तपशिलात उलटतपासणी घेता येते. या बैठका बंद दाराआड होत असल्याने वृत्तपत्रांत त्यांची दखल घेतली जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते, कारण कष्टाळू खासदार आणि नुसता मिरवणारा खासदार यांतला फरक तेथेच उघड होतो. समित्यांचे अहवाल आणि सदस्यांनी विचारलेले प्रश्न संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात.

पार्लेकर

सर्वांचे आभार. खासदारांना द्यायचे निवेदन कसे असावे, हेही कोणी सांगावे.

निवृत्त प्राध्यापक, दादर

नुसते 'सहकार्य करावे' असे लिहू नका. इमारतीचा संरचनात्मक तपासणी अहवाल आणि उंचीच्या ना हरकत दाखल्याबाबत झालेला पत्रव्यवहार जोडा. आसपासच्या सोसायट्यांनाही सह्यांसाठी सोबत घ्या. मंत्र्यांना विचारायचा प्रश्न तुम्हीच दोन-तीन वाक्यांत तयार करून द्या, म्हणजे तो सूचनेत जवळपास जसाच्या तसा घालता येईल. अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच निवेदन पोहोचले पाहिजे, नाहीतर सूचनेची मुदत टळेल.