निधी तातडीने देण्याच्या भूमिकेमुळे कामाला खरोखर गती येते का?

प्रश्न:
सार्वजनिक कामांचा निधी तातडीने वितरित व्हावा, अशी भूमिका एखाद्या स्थानिक पदाधिकाऱ्याने जाहीरपणे घेतली, तर कामाच्या गतीत प्रत्यक्ष फरक पडतो, की ती केवळ घोषणाच ठरते?

उत्तर १:
फरक पडतो, मात्र निधी मंजूर होणे आणि तो हाती पडणे यांतले अंतर त्या पदाधिकाऱ्याला ठाऊक असायला हवे. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा आणि कार्यादेश हे टप्पे पार पडल्यावरही एखादे चालू देयक, म्हणजे झालेल्या कामापुरते टप्प्याटप्प्याने दिले जाणारे बिल, अडकले, की कंत्राटदार यंत्रे दुसरीकडे हलवतो. काम पुलाचे असेल, तर अर्धवट खांबातून वर आलेल्या सळ्या उघड्यावर गंजत राहतात. काम पुन्हा सुरू करताना तो गंज घासून काढावा लागतो, जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग खरवडावा लागतो, आणि हा खर्च मूळ अंदाजपत्रकात कुठेच नसतो.

उत्तर २:
वरील मुद्दा मान्य आहे. तथापि, आर्थिक वर्ष संपत आले की निधी परत जाऊ नये म्हणून झालेल्या कामाचे नीट मोजमाप न करताच देयके मंजूर करण्याचा मोह होतो. त्यामुळे आग्रह धरायचाच, तर मोजमाप नोंदवल्यानंतर देयक किती दिवसांत अदा होईल, या मुदतीचा धरावा. युरोपीय संघाने २०११ च्या निर्देशात सार्वजनिक संस्थांना सर्वसाधारणपणे ३० दिवसांची मुदत घातली असून विलंबावर व्याजाचीही तरतूद केली आहे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. ते व्याजही अखेर करदात्याच्याच खिशातून जाते, हे मात्र खटकते.