मदत हवी आहे: हळदीच्या ऑनलाइन दुकानाला 'विकत घ्या' बटण कुठल्या रंगाचं?

हळदवाला_वसमत
मंडळी, राम राम. आमची घरची सेलम हळद आहे. बाजार समितीत पोत्यानं घालतोच, पण यंदा थोडी दळून अर्ध्या किलोच्या पाकिटात ऑनलाइन विकायला काढली. साइट ओळखीच्या एका पोरानं बनवून दिली. पान पिवळं, फोटो हळदीचे म्हणजे तेही पिवळे, अन् 'विकत घ्या' बटण नारिंगी, त्यावर पांढरी अक्षरं. दिसायला झकास. पण लोक यायलेत, बघायलेत अन् निघून जायलेत.

साइटवाला म्हणतो नारिंगीच ठेवा, मोठ्या दुकानांचं तसंच असतं. मेव्हणा म्हणतो हिरवं करा, शेतमाल आहे, शोभंल. बायको म्हणते लाल, लांबून दिसतं. खाली कोपऱ्यात व्हॉट्सॲपचं हिरवं चिन्हबी आहे. रंगानं खरंच फरक पडतो का, जाणकारांनी सांगावं.

रिकामा_वेळ
लाल. वहिनींचं ऐका. अमेरिकेत प्रयोग झालाय, लाल बटणानं हिरव्याला २१ टक्क्यांनी मागं टाकलं. विषय संपला.

शालवाली_संभाजीनगर
संपला कसा? तो २०११ चा परफॉर्मेबल कंपनीचा प्रयोग. त्या पानावर लोगोपासून बाकी बरंच काही हिरवं होतं, त्यात हिरवं बटण बुडालं आणि लाल उठून दिसलं. लाल रंगात काही जादू आहे, असं त्यातून निघत नाही. आम्ही हिमरू शाली विकतो. लालभडक शालीच्या फोटोखाली लाल बटण ठेवलं तर ते शालीचा काठ वाटेल.

दादा, तुमच्या पानावर आधीच काय-काय रंग आहेत ते आधी बघा. पिवळं आणि नारिंगी शेजारी-शेजारी, म्हणजे बटण लपलंच. हिरवं केलंत तर ते व्हॉट्सॲपच्या चिन्हाशी भांडेल. लोक तिथंच बोट लावत असतील, बघा.

हळदवाला_वसमत
ताई, खरंय! "भाव काय" म्हणून व्हॉट्सॲपवर रोज मेसेज येतात. भाव तर बटणाच्या वरच लिहिलाय!

लातूरचा_कोडर
भाऊ, अक्षरांचंही बघा. अक्षरं आणि बटण यांच्या उजेडातल्या फरकाला एक गुणोत्तर असतं. वेब सुलभतेच्या, म्हणजे कमी दिसणाऱ्यांनाही साइट वापरता यावी यासाठीच्या नियमांत साध्या अक्षरांसाठी ते किमान ४.५ ला १ लागतं. नेहमीच्या नारिंगीवर पांढरी अक्षरं जेमतेम २ ला १ भरतात. शुद्ध लालवर ४ ला १, म्हणजे थोडक्यात नापास. गडद हिरव्यावर ७ च्या पुढं जातं, मरून किंवा नेव्ही ब्लूवर १० च्याही पुढं.

तुमच्या साइटवाल्याला ॲमेझॉन उघडून दाखवा. तिथलं 'कार्टमध्ये टाका' पिवळं आहे, पण अक्षरं काळी आणि मागचं पान पांढरं. ह्यानं रंग तेवढा उचलला, बाकीचं तिथंच सोडलं.

घरबसल्या तपासायचं असेल तर मोबाईलच्या सेटिंगमधून स्क्रीन कृष्णधवल करा आणि बांधावर उन्हात उभं राहून पान उघडा. बटण सापडलं नाही तर गिऱ्हाईकाला तरी कसं सापडंल? बटणाची उंचीही बघा. अँड्रॉइडची शिफारस ४८ डीपीची आहे (डीपी म्हणजे स्क्रीनवरचं मोजमाप), बोट नीट बसायला तेवढी लागतेच.

जालन्याचा_मोसंबीवाला
रंगाचं काय घेऊन बसलात राव. डिलिव्हरीचा खर्च शेवटच्या पानावर दाखवता ना? गिऱ्हाईक तिथं पळतं. आमच्या मोसंबीच्या पेटीला आम्ही तो पहिल्याच पानावर टाकला, मग ऑर्डरी सुधारल्या. बटण आमचं अजून जुनंच आहे, राखाडी.

हळदवाला_वसमत
दादा, खर्च शेवटीच दाखवतो, ते वर घेतो. पण आमचे लोक कार्टपर्यंतच येईनात, पहिल्याच पानावरून माघारी जायलेत.
बाकी कृष्णधवल करून बघितलं. बटण गायब! नुसती अक्षरं धुक्यात असल्यासारखी. आता निळं अन् मरून दोन्ही लावून, निम्म्या लोकांना हे अन् निम्म्यांना ते दाखवून ठरवावं म्हणतोय. चालंल?

लातूरचा_कोडर
नका करू. शंभरात दोघं घेत असतील आणि विक्रीत वीस टक्क्यांचा फरक पकडायचा असेल, तर प्रत्येक रंगाला वीस हजारांच्या आसपास माणसं लागतात. तुमच्याकडं तेवढी येईपर्यंत पुढची हळद निघंल. थोड्या लोकांवर जो रंग जिंकला तो निव्वळ योगायोगानंही जिंकलेला असू शकतो. सरळ नेव्ही ब्लू घ्या, पांढरी ठळक अक्षरं. आणि तो निळा पानावर दुसरीकडं कुठंच वापरू नका, शीर्षकालाही नाही. व्हॉट्सॲपचं चिन्ह राहू द्या, फक्त लहान करा.

रिकामा_वेळ
निळा? निवडणुका जवळ आल्यात, कोणता पक्ष म्हणून विचारतील.

शालवाली_संभाजीनगर
आपल्याकडं कुठलाही रंग घ्या, कुणीतरी विचारतंच. पिवळा तरी कुठं सुटलाय! दादा, एक राहिलं. 'रद्द करा' आणि 'पैसे भरा' ही बटणं लाल-हिरवी ठेवू नका. लाल-हिरव्यातला फरक न कळणारे पुरुष बरेच असतात. 'रद्द करा' नुसतं बिनरंगी, बारीक चौकटीत ठेवा.

हळदवाला_वसमत
ठीक. साइटवाल्याला नेव्ही सांगितला. तो म्हणतो हळदीच्या पानावर निळा विजोड दिसंल. म्हटलं, विजोडच पाहिजे. मेव्हण्याची समजूत काढायची राहिली, त्यानं हिरव्या पिशव्या आधीच छापून ठेवल्यात.