थंडीतली लहान गाडी : इंजिन गरम होणे आणि ॲव्हरेज – नाशिककरांचे अनुभव

डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो, निफाडकडे तर द्राक्षबागांत शेकोट्या पेटवायची वेळ येते, आणि याच दिवसांत लहान पेट्रोल गाड्यांचे ॲव्हरेज उतरल्याची तक्रार सर्वत्र ऐकू येते. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून ईसीएम (इंजिन सांभाळणारा गाडीतला संगणक) इंजिन तापेपर्यंत मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो. शिवाय घट्ट झालेले ऑइल ढवळण्यात ताकद खर्च होते. हा काळ कमी करण्यासाठी आपण काय करून पाहिले, ते सविस्तर लिहावे, ही विनंती. रोजचा रस्ता आवर्जून सांगावा.

सातपूरहून

माझी गाडी जुनी, दुसऱ्या हाताची आहे. सकाळच्या पाळीला अंबडला जाताना इंजिन गार असल्याचा निळा दिवा बराच वेळ विझत नसे, आणि विझला तरी उतारावर पुन्हा लागे. मेकॅनिकने थर्मोस्टॅटचे, म्हणजे कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) रेडिएटरकडची वाट उघडणाऱ्या झडपेचे, हाउसिंग उघडले तेव्हा आत थर्मोस्टॅट नव्हताच! उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून पूर्वी कोणीतरी तो काढून टाकला होता. हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो आणि त्याचे मला फार वाईट वाटते, कारण थर्मोस्टॅट नसला की कूलंट पहिल्या क्षणापासून रेडिएटरमधून फिरत राहतो आणि इंजिन लवकर आणि नीट तापत नाही. नवा बसवण्यापूर्वी मेकॅनिकने तो पातेल्यातल्या पाण्यात सोडून शेगडीवर ठेवला. पाणी ८० अंशांच्या पुढे गेल्यावर आतले मेण वितळून फुगले आणि पितळी झडप स्प्रिंगला दाबत हळूहळू उघडली. आता त्याच रस्त्यावर दिवा लवकर विझतो, आणि टाकी भरून केलेल्या हिशेबातही फरक स्पष्ट दिसतो. गाडी तापत असेल तर तिचे मूळ कारण शोधावे, थर्मोस्टॅट काढून टाकू नये.

गंगापूर रोडहून

आमच्या वडिलांकडे कार्ब्युरेटरची मारुती ८०० होती. चोक ओढून ती काही वेळ उभी ठेवल्याशिवाय नीट चालत नसे, त्यामुळे तीच सवय घरात रुजली. आजच्या इंजेक्शनच्या गाडीला त्याची गरज नाही. उभ्या गाडीचे लहान इंजिनसुद्धा तासाला अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक पेट्रोल घेते, आणि भार नसल्यामुळे तापतेही सावकाश. मी गाडी सुरू करून, पट्टा लावून, काच पुसून लगेच निघते. पहिले काही किलोमीटर रेस न करता, वरच्या गिअरमध्ये हलकेच चालवते. मुलांची शाळा, भाजी आणि बँक ही कामे मात्र एकाच फेरीत उरकते, कारण इंजिन पुन्हा पुन्हा गार होऊ देणे सर्वांत महाग पडते.

पाथर्डी फाट्याहून, सीएनजी

सीएनजीच्या गाडीत थंडीचा खर्च लपून राहतो. गाडी पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिन पुरेसे तापल्यावरच गॅसवर जाते. सिलिंडरमधला सुमारे २०० बार दाबाचा वायू रिड्यूसरमध्ये (दाब कमी करणाऱ्या भागात) प्रसरण पावताना इतका गार होतो की त्याला कूलंटची ऊब द्यावी लागते. त्यामुळे जवळच्या जवळ फिरणाऱ्याचे पेट्रोल हिवाळ्यात आश्चर्य वाटावे इतक्या वेगाने संपते. सातपूरच्या अनुभवातला थर्मोस्टॅट आमच्यासाठी दुप्पट महत्त्वाचा आहे.

ओझरहून

गार वारा अडवण्यासाठी रेडिएटरपुढे पुठ्ठा लावण्याविषयी मला अनेकांनी विचारले, म्हणून लिहितो. थर्मोस्टॅट ठीक असेल तर इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जवळजवळ जातच नाही, म्हणून आपल्या हवामानात पुठ्ठ्याचा लाभ फार थोडा आहे. दुपारी हवा ३० अंशांच्या आसपास जाते आणि कसारा घाट चढताना तोच पुठ्ठा इंजिनाच्या मुळावर येऊ शकतो. त्यापेक्षा कंपनीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० (गारठ्यातही पातळ राहणारे ऑइल) सांगितले असेल तर तेच ऑइल घालावे, स्वस्त म्हणून जास्त घट्ट २०डब्ल्यू-४० घालू नये. टायरमधली हवाही पाहावी : तापमान साधारण ५-६ अंशांनी उतरले की दाब १ पीएसआयने घटतो. तो सकाळी, गाडी चालवण्यापूर्वीच मोजावा. चालून तापलेल्या टायरचा काटा जास्त दाब दाखवतो आणि कमी हवा भरली जाते.