'पराधीन'वरून पेटलेला शनिवार

"एवढे मेसेज कसले? पाणी आहे ना आज?" असं सकाळपासून चौघांनी विचारलं, म्हणून कालची चर्चा एका जागी टाकतोय. शुभरात्रीची गुलाबं, अंगठे आणि एकच मेंटेनन्सची पावती तीनदा आलेली, एवढं गाळलंय. बाकी शब्द ज्याचे त्याचे. कंसातलं माझं. – बी-३०२

सी-५०३ आई (८:४०): गणपतीच्या कार्यक्रमासाठी आमच्या चिरंजीवांनी बसवलंय. गिटारवर 'पराधीन आहे जगती पुत्र मानवाचा'. ऐकून सांगा कसं वाटलं 🙏

ए-३०१ काका (८:५२): ऐकलं. मुलगा गुणी आहे, वाद नाही. पण वहिनी, गीतरामायण हे गिटारवर खाजवायचं प्रकरण नाही. बाबूजींनी (सुधीर फडके) गायलं, विषय संपला. त्याचं आणखी कव्हर कशाला?

सी-१०१ (८:५३): बसलं का कव्हर? मी गणपतीच्या आधीच बसवा म्हणत होतो. कबुतरं आत जातात.

सेक्रेटरी (८:५३): टाकीचं नाही हो. गाण्याचं चाललंय.

सी-१०१ (८:५४): मग टाकीचं कधी?

बी-२०४ ताई (८:५८): काका, "विषय संपला" म्हटलं तर मी क्लासमध्ये काय शिकवू? श्रीधर फडके वडिलांचं गीतरामायण गातात, तेही कव्हरच की.

ए-३०१ काका (९:०१): मुलगा वडिलांचं गातो त्याला वारसा म्हणतात. कव्हर उशीला असतं.

सी-५०३ गिटार (९:०३): काका, नेमकं काय खटकलं ते सांगाल का? म्हणजे मला सुधारता येईल.

(इथे मला वाटलं काका "सगळंच" म्हणणार. पण नाही. त्यांनी चार मिनिटं टाइप केलं.)

ए-३०१ काका (९:०७): सांगतो. मी बाबूजींना समोर बसून ऐकलंय. शाळेचं पटांगण, खाली सतरंजी, आणि ते स्वतः पेटी वाजवत गात होते. हे गाणं म्हणजे नुसती चाल नाही, तो युक्तिवाद आहे. भरत चित्रकूटला येतो, परत चल म्हणतो, आणि राम त्याला एकेक कडव्याने समजावतो. तू दोन कडवी म्हटलीस, मध्ये डोळे मिटून आ-आ केलंस, आणि हात जोडून उठलास. भरताचं समाधान व्हायच्या आत राम उठून गेला! मग बिचारा पादुका कशाला मागेल?

सी-५०३ गिटार (९:०८): हे खरंय 😅 रीलसाठी ९० सेकंदांत बसवलं होतं.

ए-३०१ काका (९:०८): ९० सेकंदांत वनवास.

बी-६०१ आजी (९:१५): मी बोलतेय, नात टाइप करतेय. चुका तिच्या.
१९५५ साली मी नऊ वर्षांची होते. शनिवार पेठेत वाड्यात राहायचो. रेडिओ फक्त मालकांकडे. रामनवमी होती, १ एप्रिल, शुक्रवार. पुणे आकाशवाणीवर पहिलं गाणं लागलं, 'स्वये श्री रामप्रभू ऐकती'. तिथपासून दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊला एक नवीन गाणं, आणि शनिवारी, रविवारी पुन्हा तेच. मालकीणबाई आंघोळ करून रेडिओला हार घालायच्या, उदबत्ती लावायच्या. आम्ही पोरं ओसरीवर. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून ५२ ची ५६ गाणी झाली. आम्हाला तेवढंच चार आठवडे जास्त.
आता मुद्दा. तेव्हा सगळी गाणी बाबूजी गात नव्हते. राम बोलला की बाबूजी. सीता बोलली की माणिक वर्मा. भरत आईवर चिडला ते 'माता न तू वैरिणी' वसंतराव देशपांड्यांचं. ललिताबाई फडके होत्या, राम फाटक होते. आवाज आला की कोण बोलतंय ते आम्ही ओळखायचो. पुढे बाबूजी एकटेच सगळं गीतरामायण गायला लागले, एकट्याच्याच रेकॉर्डी निघाल्या, तेव्हा आमच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "सीतेचं गाणं पुरुषाने म्हणायचं? आता काय ऐकायचं यात!" दोन वर्षं रुसले होते. नंतर तीच रेकॉर्ड झिजेपर्यंत ऐकली.
तर ए-३०१, तुम्ही ज्याला मूळ म्हणता, ते आमच्या वडिलांच्या लेखी कव्हर होतं.

सी-५०३ आई (९:१६): आजी 🙏🙏

ए-४०२ वहिनी (९:१७): आजी रॉक्स.

बी-६०१ आजी (९:१७): नात म्हणते याचा अर्थ चांगला आहे.

ए-३०१ काका (९:२२): आजी, नमस्कार. पण दोन गोष्टी. एक, चाल त्यांचीच होती. ज्याने घर बांधलं तो कुठल्याही खोलीत झोपेल. दोन, 'पराधीन' हे रामाचं गाणं, म्हणजे रेडिओवरसुद्धा बाबूजींनीच गायलेलं. निदान या गाण्यापुरता माझा मुद्दा शाबूत आहे.

(मान्य. या फेरीत काकांना गुण. पण मीही गप्प बसणाऱ्यांतला नाही.)

बी-३०२ (९:२५): काका, तुमची कॉलरट्यून कोणती आहे?

ए-३०१ काका (९:२६): 'सखी मंद झाल्या तारका'. का?

बी-३०२ (९:२७): कोणाचं?

ए-३०१ काका (९:२७): कोणाचं म्हणजे? बाबूजींचं!

बी-३०२ (९:२९): शब्द सुधीर मोघ्यांचे, चाल राम फाटकांची. आणि पुणे आकाशवाणीसाठी ते आधी भीमसेन जोशींनी गायलं. बाबूजींचं नंतर आलं. घर दुसऱ्याने बांधलेलं, आधी राहायला दुसरेच, आणि तरी तुम्हाला पत्ता बाबूजींचाच आठवतो. म्हणजे तुमच्या फोनवर गेली कित्येक वर्षं कव्हर वाजतंय.

(यानंतर ११ मिनिटं काकांचं काही नाही. ऑनलाइन दिसत होते.)

सी-१०१ (९:३४): ज्यांना टाकीच्या झाकणाचं कोटेशन बघायचंय त्यांनी खाली नोटीसबोर्ड बघावा.

बी-२०४ ताई (९:३६): काका येईपर्यंत मी जरा गिटारशी बोलते. बाळा, तुझा आवाज चांगला आहे, पण गाण्याला मध्येच ताप आल्यासारखं का वाटतं ते सांगू? हे यमन कल्याणातलं गाणं. तुझा सा पांढरी दोनचा, म्हणजे तुमच्या भाषेत डी. त्यावर तू दर ओळीत जी कॉर्ड टाकतोस. त्या कॉर्डचा पायाच शुद्ध मध्यम. या रागात तीव्र मध्यम मुख्य, आणि शुद्ध मध्यम दोन गंधारांच्या मध्ये हळूच येऊन जातो. तो चिमूटभर घालायचा असतो, तू पळीने वाढलास.

सी-५०३ गिटार (९:३९): ओह! म्हणून पेटीवर वाजवलं की वेगळं वाटत होतं. मग ई मेजर घेऊ? त्यात जी शार्प आहे, म्हणजे तीव्र मध्यम.

बी-२०४ ताई (९:४१): घेऊन बघ. पण मुक्काम नको तिथे. आणि खरं सांगायचं तर अर्ध्या गाण्यात कॉर्डच नको. नुसते सा आणि प छेड, तानपुऱ्यासारखे. चालीतच एवढं आहे की तिला टेकू लागत नाही. पहिलं गाणं बसवशील तेव्हा तर जपूनच. तो भूप, त्यात म आणि नि नाहीतच, आणि नेहमीच्या तीन कॉर्डमध्ये दोघंही असतात.

सी-५०३ गिटार (९:४२): हे कोणत्याच ट्युटोरियलमध्ये सांगत नाहीत.

ए-३०१ काका (९:४०): बरं. भीमसेन अण्णांचं शोधतो.

(त्यांचा मेसेज उशिरा पोचला. जिन्यात रेंज नसते. म्हणजे काका खाली चकरा मारत होते.)

बी-६०१ आजी (९:४८): मला सूर फार कळत नाहीत. मला 'चा' खटकला.

सी-५०३ आई (९:४९): चहा?

बी-६०१ आजी (९:५१): चहा नाही गं. 'मानवाचा' मधला चा. या गाण्यात प्रत्येक कडवं 'चा'वर येऊन टेकतं. मराठीत तो 'चा' दातांपाशी म्हणायचा, 'चार' मधल्यासारखा नाही, 'चाक' मधल्यासारखा. हा मुलगा 'चाचा नेहरू' मधला चा म्हणतो. प्रत्येक कडव्याला एकदा खडा लागतो. बाबूजींकडे काय होतं विचाराल तर हेच. शब्द ताटात वाढल्यासारखे एकेक वेगळे दिसायचे. सूर लावणारे तेव्हाही पुष्कळ होते.

(मी व्हिडिओ पुन्हा लावला. एकदा ऐकू आलं की मग दुसरं काही ऐकूच येत नाही. आजींनी आमचं सगळ्यांचं वाटोळं केलं.)

सी-५०३ गिटार (९:५३): आजी, शाळा इंग्लिश मीडियम 🙈 उद्या तुमच्याकडे येऊन म्हणून दाखवू?

बी-६०१ आजी (९:५४): ये. अकरानंतर. त्याआधी माझी पूजा असते.

सी-५०३ आई (१०:०२): सगळ्यांचे आभार. नीट बसलं की यूट्यूबवर टाकणार आहोत. बाबूजींचा फोटो मागे लावून थंबनेल पण तयार केलंय, बघा.

ए-४०२ वहिनी (१०:०६): थांबा थांबा. वकील म्हणून बोलते, फी नाही. कव्हर हा शब्द आता आपल्या कायद्यातही आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम ३१ सी, २०१२ च्या दुरुस्तीतलं. पहिलं ध्वनिमुद्रण झालं त्या वर्षानंतर पाच वर्षं गेलेली हवीत, आधी नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची तीही किमान ५०,००० प्रतींची, आणि परवानगीशिवाय रचनेत मनासारखे बदल करायचे नाहीत. आणि हे कव्हर आहे असं वर लिहायचं. आधीच्या गायकाचं नाव किंवा चित्र लावायचं नाही. ही तरतूद विकायला काढलेल्या रेकॉर्डिंगसाठी आहे, यूट्यूबचा हिशोब तिथल्या करारांवर वेगळा चालतो. पण बाबूजींचा फोटो तेवढा काढा, ते शोभतही नाही.

सेक्रेटरी (१०:०८): एवढं जुनं गाणं आहे, अजून हक्क असतात?

ए-४०२ वहिनी (१०:११): निर्माता गेल्यानंतर पुढची ६० वर्षं. गीतरामायण लिहिणारे गदिमा (ग. दि. माडगूळकर) गेले १९७७ ला, म्हणजे शब्दांवर २०३७ अखेरपर्यंत. बाबूजी २००२ ला गेले, म्हणजे चालीवर २०६२ अखेरपर्यंत. तोवर मोफत माल समजू नये.

सेक्रेटरी (१०:१२): मग गणपतीत गायचं की नाही? कमिटीवर काही येणार नाही ना? 😰

ए-४०२ वहिनी (१०:१४): खुशाल गा. हौशी मंडळींनी तिकीट न लावता केलेल्या कार्यक्रमाला कलम ५२ मध्ये सूट आहे.

सेक्रेटरी (१०:१४): वर्गणी घेतोय ना पण आपण.

ए-४०२ वहिनी (१०:१५): वर्गणी न देणारेही पहिल्या रांगेत बसतात. म्हणजे तिकीट नाहीच.

(यावर १९ अंगठे आले. एक अंगठा ज्यांना उद्देशून होतं त्यांचाही.)

ए-३०१ काका (१०:३१): दोनदा ऐकलं. 'सखी मंद' – अण्णांचं.

बी-३०२ (१०:३२): मग?

ए-३०१ काका (१०:३७): मोठा आवाज. शब्दाला सुराच्या खांद्यावर बसवून नेतात. पण बाबूजींचं ऐकताना ती रात्र आपल्याच खिडकीबाहेर सरते, असं मला वाटतं. कॉलरट्यून बदलणार नाही. आधी कोणी गायलं हा हिशोब मात्र मी आजपासून सोडला.

बी-२०४ ताई (१०:३८): काका, हे स्क्रीनशॉट काढून ठेवते.

ए-३०१ काका (१०:३९): खुशाल काढ. गिटारला माझा विरोध कायम आहे, तेही काढ.

सी-५०३ गिटार (१०:४१): काका, सगळी कडवी म्हणतो. अर्धं गिटारवर, अर्धं पेटीवर चालेल का? पण पेटी वाजवणारं कोणी नाही.

ए-३०१ काका (१०:४६): पेटी आहे माझ्याकडे. माळ्यावर. तीन वर्षं उघडली नाही. भात्याला चिकटपट्टी आहे आणि काळी दोन दाबली की वर येत नाही.

बी-२०४ ताई (१०:४७): काळी दोन लागणार नाही काका. त्याचा सा पांढरी दोन. काळी दोन म्हणजे कोमल रे, या गाण्यात नाहीच.

ए-३०१ काका (१०:४८): हे मला माहीत होतं.

(नव्हतं.)

बी-६०१ आजी (१०:५२): एक राहिलं. ते पहिलं गाणं गदिमांनी लिहून दिलं आणि बाबूजींकडून कागद हरवला, अशी गोष्ट तेव्हा सांगायचे. आकाशवाणीच्या सीताकांत लाडांनी मग गदिमांना खोलीत बसवून कडी लावली आणि त्यांनी पंधरा मिनिटांत पुन्हा लिहून दिलं. म्हणजे आपण ऐकतो ते दुसऱ्यांदा लिहिलेलं. पहिलं कसं होतं कोण जाणे. आता झोपते. नातीला उद्या कॉलेज आहे.

सी-५०३ आई (१०:५३): आजी, उद्या रविवार.

बी-६०१ आजी (१०:५३): मग तिने मला खोटं सांगितलं.

सेक्रेटरी (१०:५८): ठरलं तर. तालीम उद्या संध्याकाळी साडेसहाला क्लबहाउसमध्ये. पेटी खाली आणायला दोन जण लागतील, ए विंगची लिफ्ट बंद आहे.

सी-१०१ (११:०२): क्लबहाउसची किल्ली टाकीवाल्याकडे आहे. झाकणाचं माप घ्यायला नेलीय. मी गुरुवारीच ग्रुपवर टाकलं होतं, पण इथे कोणी वाचतं का.